पहिला ग्लास फेसाचा

दुपारचे चार वाजले होते. मामाने बियरच्या मशीनचा नळ उघडला आणि पहिलाच ग्लास स्वच्छ भरला.

घडलं ते एवढंच. पण त्यानंतर मामा त्या घरी गेलेला नाही. आणि ते घर त्याच्या सख्ख्या बहिणीचं आहे.

मामा फ्रिज दुरुस्त करतो. भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की उठून जातो. मी त्याला वेगवेगळ्या दिवशी खोदून विचारलं. तपशील एकदाही बदलला नाही. म्हणून हे खरं आहे असं मी धरून चालतो.

मशीन माझ्या मावशीच्या नवऱ्याचं, म्हणजे काकांचं. बुटका फ्रिज, आत बियरचं पिंप, शेजारी बियर वर ढकलणाऱ्या गॅसचा सिलिंडर, वर नळ. निवृत्त झाल्यावर त्यांनी ते मागच्या खोलीत बसवलं आणि स्वतःही तिथेच बसले.

अशा मशीनचा पहिला ग्लास फेसाचाच येतो. नळ बाहेर असतो, गरम असतो. बियर एकदा त्यातून गेली की तो गार पडतो, आणि दुसरा ग्लास स्वच्छ येतो.

काका तो पहिला ग्लास मावशीसमोर करायचे. वर न बघता.

"धर."

मावशी बियरला शिवायची नाही. तिने तो बेसिनमध्ये ओतायचा, विसळायचा, परत आणून ठेवायचा. रोज. पाहुणे आले की काका हसून सांगायचे, "पहिला मान बायकोचा!"

पाहुणेही हसायचे.

काका हिवाळ्यात गेले. मावशी रडली नाही. तिने त्या खोलीला कडी घातली.

उन्हाळ्यात मशीन विकायला काढलं. गिऱ्हाईक पाच वाजता येणार होतं. चालवून दाखवा, तरच नेतो, म्हणालं होतं.

"काहीही कर, पण आज हे घरातून जाऊ दे," मावशी म्हणाली. "मला माझी खोली हवीय."

मामाने आधी पिंपातून नळाकडे जाणारी नळी सोडवली. इतके महिने न वापरलेली नळी आतून वाळून चिकट होते.

ही ओली होती...

"ताई, कोण वापरतंय हे?"

"कडी आज काढली मी. तुझ्यासमोर."

मामाने नळी धुतली, नवं पिंप जोडलं, नळ उघडला. फेस. दुसरा ग्लास, फेस. तिसराही फेसच.

"भावजी असेच फसफसायचे," मामा म्हणाला.

"हळू बोल. ऐकतील."

मामा हसला. ती हसली नाही.

त्याने थंडावा वाढवला. गॅसचा दाब उतरवला. सांध्यांना साबणाचं पाणी लावून पाहिलं. बुडबुडा नाही. नळाचा झिजलेला वॉशर बदलला. मग गॅस बंद केला आणि घुसळलेली बियर शांत होऊ दिली. तोवर तो तिथेच स्टुलावर बसून राहिला. मावशी बाहेरच्या खोलीत होती. मशीनला कुणीही हात लावला नाही.

चार वाजता त्याने गॅस सुरू केला. नळ उघडला.

ग्लास सोनेरी, नितळ भरला. वर फेसाची बोटभर साय.

क्षणभर त्याला बरं वाटलं.

मग त्याने नळाला हात लावला...

बर्फासारखा गार.

इतका वेळ बंद असलेला नळ गरमच हवा होता, आणि गरम नळातून असा नितळ ग्लास येत नाही. म्हणजे हा ग्लास दुसरा होता.

मग पहिला कुणी भरला?

तो वळला. मावशी दारात उभी होती. तिच्या हातात ग्लास होता. काठोकाठ फेस. फेस अजून चुरचुरत होता...

"ताई... हा कुठून आणलास?"

"धर म्हणाले," ती म्हणाली.

ती बेसिनपाशी गेली. ग्लास ओतला. विसळला. परत आणून जागेवर ठेवला.

पाच वाजता गिऱ्हाईक आलं, चव घेऊन खूश झालं आणि मशीन घेऊन गेलं. मामाने घरातला एकूण एक ग्लास पोत्यात भरला आणि मावशीच्या देखत फोडला. पोतं स्वतः उचलून नेलं. मावशीने मागच्या खोलीच्या खिडक्या उघडल्या. शिवणयंत्र तिथे हलवलं.

"सुटले रे," ती म्हणाली.

काल संध्याकाळी मामाने तिला फोन केला. मागे पाणी वाहत होतं.

"काय करतेयस ताई?"

"विसळतेय."

"काय विसळतेयस?"

ती थांबली. मग म्हणाली, "आले हो..."

ते मामाला नव्हतं.

फोन कट झाला. दहा मिनिटांनी तिचाच फोन आला. आवाज नेहमीचा. खोलीला नवे पडदे लावलेत, छान उजेड येतो, म्हणाली. मामाने ग्लासाचं विचारलं.

"कुठला ग्लास?" मावशी म्हणाली.

मागे पाणी चालूच होतं.