सातव्या टेबलाजवळची खुर्ची

"अहो, उठा उठा! त्या खुर्चीवर मी अजून बसलो नाहीये."

हे काय बोलणं झालं? धाकटीच्या लग्नासाठी हॉल बघायला आले होते. पाय दुखत होते म्हणून जरा टेकले, तर हा माणूस टेबलाखालून डोकं काढून मला उठवतोय!

"तुमच्या मालकीची आहे का?" मी फणकारले.

"नाही हो. पण डुगडुगत असली तर तुम्ही पडाल, आणि बोलणी मी खाईन."

हाच आमचा कोऑर्डिनेटर. आईबाबांनी त्याला फोनवरच ठरवलं होतं. प्रत्येक समारंभाआधी तो हॉलमधल्या एकूण एक खुर्चीवर बसून बघायचा.

"दोनशे चाळीस आहेत. तुमची एकशे बारावी."

"सगळ्यांवर बसता?"

"आधीच बसून घेतो. समारंभात कुठलं बसायला मिळतंय? दहा वर्षांत एकदाही नाही."

आणि हसला. मेला असा हसला, की माझा राग कुठल्या कुठे पळाला.

मी मुद्रितशोधक. दिवसभर दुसऱ्यांच्या चुका शोधायच्या, यावरच माझं पोट. साहजिकच लग्नाच्या सगळ्या याद्या माझ्या गळ्यात पडल्या. पुढचे सहा आठवडे रोज संध्याकाळी आमच्या जेवणाच्या टेबलावर पाहुण्यांच्या बैठकीचा नकाशा पसरलेला असायचा. आत्या आणि काका अकरा वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. मावशीला पंख्याखाली बसायचं नव्हतं, आणि पंख्यापासून लांबही बसायचं नव्हतं.

"तपासनीस बाई, आत्या तीन नंबरला, काका अकराला. मध्ये फुलांची कमान. चालेल?"

"कमान उंच हवी. आत्याची मान लांब आहे."

तो इतका हसला, की पेन्सिल खाली पडली. दोघंही वाकलो... बोटं लागली. पेन्सिल कोणीच उचलली नाही.

"ताई, लग्न माझं आहे," धाकटी स्वयंपाकघरातून ओरडली, "आणि लाजतेयस तू!"

"गप गं!" मी म्हटलं. पण आवडला होता तो मला. फार आवडला होता. सांगायचं मात्र लग्न पार पडल्यावर, असं मी ठरवून टाकलं होतं. कामात हे असलं नको. शहाणी ना मी!

लग्नाच्या आदल्या दिवशी दुपारी त्याने शेवटचा नकाशा आणून दिला. उगाचच दारात रेंगाळला.

"एकदा नजर टाका. सातवं टेबल... जरा नीट बघा."

नीटच बघितलं. खिडकीजवळ माझं नाव. त्याच्या शेजारी एक खुर्ची, बिननावाची. मी पाहुणे मोजले. पुन्हा मोजले. एक खुर्ची जास्त होत होती. मग काय, माझं लाल पेन चाललं. खुर्चीवर आडवी रेघ, बाजूला शेरा – 'जास्तीची आहे. काढा.'

त्याने तो कागद बराच वेळ हातात धरला.

"नक्की ना?"

"शंभर टक्के!" मी ऐटीत म्हटलं. वर आणखी शहाणपणा – "अशा चुका माझ्या नजरेतून सुटत नाहीत."

"बरं," तो म्हणाला. "काढतो."

लग्न छान झालं. कमानीने आपलं काम चोख केलं. तो दिवसभर उभाच होता, आणि मला एकदाही 'तपासनीस बाई' म्हणाला नाही. नुसतं "मॅडम". मला वाटलं, दमला असेल; सांगू चार दिवसांनी.

आठवड्याने धाकटी माहेरी आली. फोटो बघताना तिने विचारलं, "ताई, तुझे खुर्चीवाले कुठे बसले होते गं?"

"ते कशाला बसतील?"

"म्हणजे? माझी परवानगी घेतली होती त्यांनी! म्हणाले, दहा वर्षांत पहिल्यांदा जेवणाच्या वेळी अर्धा तास बसावंसं वाटतंय... तुझ्याशेजारी. नकाशात जागा ठेवतो म्हणाले. ताई? ताई, काय झालं गं?"

मी चप्पल कशी घातली, हॉल कसा गाठला, आठवत नाही. तो तिथेच होता, एका नव्या माणसाला कामाची माहिती देत.

"ती खुर्ची... मला कळलंच नाही हो. देवाशपथ!"

तो हळूच म्हणाला, "तुमची रेघ फार सरळ होती. वाटलं, इतकी सरळ रेघ विचार करूनच मारतात."

"विचारायचंत ना मला!"

"विचारलं की. नक्की ना, म्हणून."

दुसऱ्या शहरातलं मोठं काम तो सहा आठवडे टाळत होता. लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी त्याने ते स्वीकारलं होतं. तीन वर्षांचा शब्द दिला होता. तासाभरात गाडी होती.

"थांबा," असं म्हणायला मी तोंड उघडलं... आणि कुठल्या हक्काने म्हणू, ते सुचेना.

त्याने दोन खुर्च्या खिडकीपाशी ओढल्या. आम्ही बसलो. तो घड्याळ बघत नव्हता, मीच बघत होते.

"छान वाटतं हो बसायला," उठताना तो म्हणाला. मग बॅग उचलून गेला.

मी तिथेच होते. हॉलचे म्हातारे व्यवस्थापक खुर्च्या रचत रचत आले आणि माझ्या शेजारच्या खुर्चीवर हात ठेवून म्हणाले, "ही जास्तीची दिसतेय. काढू का, मॅडम?"

"नको," मी म्हटलं. "राहू द्या जरा वेळ."