हिरवं जुजदान

झीनतला वाटलं, हा पाणी मागायला आला असावा. मार्चमधली सोलापूरची दुपार, कपाळावर घामाच्या धारा, आणि शर्ट पाठीला चिकटलेला. पण त्यानं दुकानात टांगलेल्या हिरव्या मखमली पिशवीकडं बोट दाखवलं.

"या मापात एक मिळेल?"

"ते जुजदान आहे. कुराणशरीफ ठेवायचं. दुसऱ्या कशाला नसतं ते."

"अच्छा..." त्यानं खांद्यावरच्या बॅगेतून एक जाडजूड काळं पुस्तक काढलं. पुठ्ठा निखळलेला, पानं बाहेर डोकावणारी. "आईचं बायबल आहे. मागच्या वर्षी ती गेली. बॅगेत पानं फाटायला लागलीत. नसतं म्हणता, तर राहू दे."

अब्बा, म्हणजे इलाहीबक्ष, नमाजला गेले होते. ते असते तर गोड बोलून त्यांनी याला वाटेला लावलं असतं. झीनत उठली, आत जाऊन हात धुऊन आली आणि मगच तिनं ते पुस्तक मापासाठी हातात घेतलं.

"हात कशाला धुतलेत?"

"सवय आहे."

त्यानं पुस्तकाकडं पाहिलं. मग हळूच म्हणाला, "मी आजवर कधी धुतले नाहीत."

त्याचं नाव अनुग्रह लोंढे. एका खासगी लॅबमध्ये रक्त तपासायच्या कामाला. माप घेताना झीनतच्या मनात होतं ते तिच्या तोंडून निघून गेलंच. "रागावू नका... पण तुमच्या पुस्तकात मागाहून लोकांनी बरंच बदललंय, असं ऐकलंय मी."

"आणि तुमच्या पुस्तकात नुसतं मारा-कापाच आहे, असं मी ऐकलंय."

"वाचलंय तुम्ही?"

"नाही. तुम्ही आमचं?"

"नाही."

दोघांनी एकमेकांकडं पाहिलं आणि दोघांनाही एकदमच हसू आलं. प्रेमात पडायला याहून शहाणी कारणं असतात म्हणे. पण झीनतला विचाराल, तर तिचं जे काही व्हायचं होतं ते त्या हसण्यातच होऊन गेलं.

त्यानंतर त्या जुजदानाची नाडी फारच वेळा निसटायला लागली. कधी काठ उसवायचा, कधी गोंडा सुटायचा. "रक्त काढताना हात इतका हलका, आणि एक नाडी ओढता येत नाही तुम्हाला?" ती म्हणायची. "नाडी कुणाची आहे त्यावर असतं की," तो म्हणायचा, आणि ती सुईत दोरा ओवायच्या निमित्तानं मान खाली घालायची.

त्यानं तिच्याकडून कुराणाचा मराठी तर्जुमा मागून नेला आणि मरियमची गोष्ट सापडल्यावर पोरासारखा धावत आला. "अगं, आमची मरिया तुमच्याकडंसुद्धा आहे!" तिनंही त्याच्या पुस्तकातलं थोडंथोडं वाचलं. काही आवडलं. काही वाचून कपाळाला आठी पडली. तसं तिनं त्याला सांगितलं, आणि त्यानंही आपल्या आठ्या लपवल्या नाहीत.

रविवारी सकाळी दोघंही बार्शीच्या एसटीत असायचे. ती बार्शीच्या दुकानात जुजदानं पोचवायला जायची, तो मामांच्या चर्चमध्ये वाचन करायला. पण शेजारी कधी बसले नाहीत. सोलापूर-बार्शी गाडीत निम्मे चेहरे ओळखीचे, आणि तिच्या डोक्यावर ओढणी. तो पुढं, ती त्याच्या दोन सीट मागं. मधे फक्त चोरटं बघणं.

त्या रविवारी गाडीत चढताना तो पुटपुटला, "बार्शी येईपर्यंत लग्नाचं उत्तर दे, झीनत. नाही म्हणालीस तरी नाडी दुरुस्तीला येणारच मी."

उत्तर तिच्याजवळ तयार होतं. हो म्हणायचं होतं तिला. अब्बांशी कसं बोलायचं, त्याच्या मामांचं काय, याचा विचार करून करून ती थकली होती, आणि थकल्यावर एवढंच उरलं होतं की याच्याशिवाय नको.

वाटेतलं वडाळा मागं पडलं. अनुग्रह हिरवं जुजदान मांडीवर ठेवून त्या दिवशीचा उतारा हळू आवाजात घोकत होता. त्याच्या शेजारी पटकेवाले सिद्रामप्पा बसले होते. वैरागच्या बाजारातले, आज बार्शीला निघालेले, बोलायला मऊ गृहस्थ.

"काय वाचायलाय पावनं? जरा मोट्यानं वाचा की. तेवडाच वेळ जाईल."

अनुग्रह खुशीत होता. त्यानं वाचलं. मी जगात शांती घेऊन आलो असं समजू नका, शांती नव्हे, तलवार घेऊन आलोय, अशा अर्थाची ती ओळ.

सिद्रामप्पांची नजर खाली गेली. हिरवी मखमल, सोनेरी काठ, गोंड्याची नाडी. ते थोडे बाजूला सरकले.

"बगा," ते कुणाला असं नाही, सगळ्यांनाच म्हणाले. "यांच्या पुस्तकात ह्येच आसतंय. माणसं मारायला शिकिवत्यात."

पलीकडच्या सीटवर गोजाबाई नावाच्या एक बाई होत्या. त्यांनी आपलं गाठोडं उचलून पायाशी ओढलं. मागून एक टी-शर्टवाला पोरगा उठून उभा राहिला आणि त्यानं मोबाईल समोर धरला. "ए, परत वाच की. तलवारीचं वाच. ग्रुपवर टाकतो, कळू दे सगळ्यांना."

झीनतला ओरडून सांगायचं होतं, पण काय सांगणार? गाडीतल्या चार-पाच माना तिच्या ओढणीकडंही वळल्या होत्या. "गाडी पोलीस स्टेशनला घ्या," कुणीतरी म्हणालं. कंडक्टर तिकिटांचं मशीन घेऊन मधेच थांबला.

"अहो, बायबल आहे हे!" अनुग्रहचा आवाज चिरकला. त्यानं घाईघाईनं पुस्तक बाहेर काढून पहिलं पान उघडून दाखवलं. "बघा... बायबल आहे. मी ख्रिश्चन आहे. कव्हर फक्त तसलं आहे."

मग कुणीतरी हसलं, आणि सगळी गाडी सैल झाली.

"मग आदी सांगायचं की, लेकरा," सिद्रामप्पा परत जवळ सरकले. "आता कळलं. तलवार म्हंजे मनातल्या पापावर आसणार. लई खोल हाय ह्ये." पोरानं मोबाईल खिशात टाकला. गोजाबाईंनी गाठोडं सोडून त्याच्या हातावर मूठभर शेंगदाणे ठेवले.

अनुग्रहनं ते घेतले. आणि तो हसला... सुटलेल्या माणसासारखा, अगदी मनापासून.

पोराचा मोबाईल झीनतनं सोसला असता. ते हसणं तिला सोसवेना.

वैराग आलं. गाडी तिथं चहाला थांबते. तिला बार्शीला जायचं होतं, पण तिनं आपली थैली उचलली आणि ती उतरली. तिच्या मागोमाग तोही धावत खाली आला आणि चहाच्या टपरीआड त्यानं तिला गाठलं.

"झीनत! कुठं निघालीस? अगं, मी काय खोटं बोललो? बायबलच होतं ना ते?"

"खरंच बोललात." तिनं थैली खांद्याला अडकवली. "तुमच्याकडं ते खरं होतं म्हणून सुटलात. माझं पुस्तक त्या मांडीवर असतं, तर मी काय दाखवलं असतं?"

"मी घाबरलो होतो."

"मी पण घाबरले होते. मी अजून घाबरलेलीच आहे. तुम्ही तेवढे शेंगदाणे खात बसलात." तिनं ओढणी घट्ट ओढली. "ती ओळ माझी होती तेव्हा माणसं मारणारी होती. तुमची झाली आणि खोल झाली. आणि तुम्ही हसलात, अनुग्रह. उद्या आपल्या घरावर लोक आले, तर तुम्ही असंच म्हणाल? मी ख्रिश्चन आहे, बाकी कव्हर फक्त तसलं आहे?"

तो वळला आणि गाडीत चढला.

झीनतला वाटलं, संपलं. ती परतीची गाडी कुठं लागते ते विचारायला निघाली होती, तेवढ्यात उघड्या खिडकीतून त्याचा आवाज आला.

"आजोबा, मगाशी तुम्ही म्हणालात, हे माणसं मारायला शिकवतं. पुस्तकाचं नाव कळल्यावर म्हणालात, खोल आहे. ओळ तीच आहे. एक अक्षर बदललेलं नाही."

"आता मिटलं न्हवं ते?" सिद्रामप्पा म्हणाले. "कशाला उकरायलाय?"

"माझ्यापुरतं मिटलं. मी कुराण वाचतोय आता. त्यातही लढाईच्या ओळी आहेत, माझ्यातही आहेत. दोन्हीत दयेच्याही आहेत. मला हे ठाऊक होतं, आणि तरी मी गप्प बसलो. फक्त माझी मान सोडवून घेतली." त्यानं जुजदान वर धरलं. "हे कव्हर जिनं शिवलंय, तिनं माझ्या आईच्या पुस्तकाला हात धुऊन हात लावला होता. तिच्या पुस्तकाला तुम्ही नावं ठेवलीत, आणि मी हसलो. मला त्याची लाज वाटते. माझं तिच्यावर प्रेम आहे, आणि तिच्यासाठी एक वाक्य बोललो नाही मी."

"कोन ती?" पोरगा परत उभा राहिला होता, मोबाईल परत हातात. "नाव सांग की तिचं."

"नाव सांगणार नाही. माझा व्हिडिओ घे. पण आता मधेच तोडू नकोस, पूर्ण टाक."

कुणी हसलं नाही. "उतरवा ह्याला," मागून एकजण गुरकावला. गोजाबाई खिडकीबाहेर बघायला लागल्या. सिद्रामप्पा पटक्याचं टोक चाचपत राहिले. अनुग्रह तिथंच उभा होता, दांडी घट्ट धरून. खालून झीनतला दिसत होतं ते.

नाव न सांगून त्यानं तिला निघून जायला वाट ठेवली होती. परतीची गाडी पलीकडं उभी होती. कुणाला काही कळलं नसतं.

ती गाडीत चढली. सगळ्या माना वळल्या. मोबाईलही वळला, आणि या वेळी तिनं ओढणी पुढं ओढली नाही. दरवाजामागची एक सीट रिकामी होती. "इथं बसू या," ती त्याला म्हणाली. तो बसला. पण ती उभीच राहिली.

"त्या ओळीच्या पुढं काय लिहिलंय?"

तो गोंधळला. "आत्ता?"

"आत्ताच."

"पुढं..." त्यानं पुस्तक उघडलं. "पुढं आहे की, बाप लेकात, आई लेकीत फूट पडेल. माणसाच्या घरचीच माणसं त्याची वैरी होतील."

झीनतला अब्बांचा चेहरा आठवला. त्याचे मामा आठवले. कंडक्टरनं घंटी मारली, गाडी हलली.

"ते तर होणारच आहे," ती म्हणाली. "खिडकीकडं सरका."