सापडले : एक

आमच्या ग्रंथालयातली पुस्तकं वाचायची नसतात, ऐकायची असतात. ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी कुणीतरी ती मोठ्याने वाचून ठेवली आहेत. त्यांची यादी आमच्या डेटाबेसमध्ये होती. बाहेरच्या ग्रंथालयांना ती शोधता यावी म्हणून मध्ये दुवा जोडायचं काम माझ्याकडे आलं. बाहेरचं ग्रंथालय आधी विचारतं, ‘किती सापडले?’ आकडा मिळाला की म्हणतं, ‘दाखव.’ आधी भाव विचारून मग माल बघणाऱ्या गिऱ्हाइकासारखं.

जोडण्याआधी मी यादीची साफसफाई काढली. कुणी सांगितलं नव्हतं. हात दाखवून अवलक्षण. वाचणाऱ्यांच्या तक्त्यात एका काकूंच्या नावापुढे ‘मृत’ लिहिलेलं दिसलं. गेलेल्या माणसाचं नाव बाहेर कशाला पाठवायचं, म्हणून ती ओळ पुसली. वाचणाऱ्याचं नाव गेलं की त्याची पुस्तकंही जावीत, असा नियम मीच कधीतरी डेटाबेसला घालून दिला होता. सुक्याबरोबर ओलंही जळालं. नोंदी गेल्या, आवाज गेला. राखीव प्रत सतत मूळ यादीशी जुळवून घेते. तिनेही इमानेइतबारे सगळं पुसलं.

काकूंचे यजमान दर शनिवारी येतात. त्यांना दिसत नाही. खिडकीजवळच्या खुर्चीत हेडफोन लावून बायकोला ऐकत बसतात. काकू बोट ओलं करून पान उलटायच्या, तेवढा आवाज ध्वनिमुद्रणात राहून गेला होता. तो आला की काका मान हलवायचे. हे मी कितीदा पाहिलं होतं, तरी पुसताना आठवलं नाही. त्याची मला अजून लाज वाटते.

“झालं का गं काम?” ग्रंथपाल बाईंनी विचारलं.

“सगळं नीट आहे, बाई.”

त्या गेल्यावर दुवा तपासायला मी काकूंचं नाव टाकलं. शून्य यायला हवं होतं.

सापडले : एक.

‘दाखव’ म्हटलं. शीर्षक : सगळं नीट आहे. वाचन : काकूंचं नाव. डेटाबेस उघडला तर तिथे अशी ओळच नव्हती. कुणीतरी थट्टा करतंय असं मनाशी ठरवून मी चहा प्यायला गेले.

शनिवारी काका आले.

“पोरी, हिचा आवाज लागत नाहीये.”

“यंत्र बिघडलंय, काका. पुढच्या शनिवारी नक्की.”

“असू दे, असू दे. तू आहेस ना.” त्यांनी हेडफोनची वायर नीट गुंडाळली आणि माझ्या हातात दिली.

मी पुन्हा नाव टाकलं. सापडले : दोन. दुसरं शीर्षक होतं, यंत्र बिघडलंय, काका.

खोट्याच्या कपाळी गोटा म्हणतात. माझ्या कपाळी आकडे आले. दुरुस्तीवाला येतोय, असं बाईंना सांगितलं, तर तीन. आईला फोनवर म्हणाले, मी बरी आहे, झोप छान लागते. दुसऱ्या दिवशी चार. ते मी घरी, स्वयंपाकघरात उभी राहून बोलले होते.

मी दुवा तोडला. मशीन बंद करून वायर काढून ठेवली.

पुढच्या शनिवारी काका आले तेव्हा मी त्यांना खुर्चीत बसवलं आणि सगळं सांगून टाकलं. मीच पुसलं, मीच खोटं बोलले, आता ते परत मिळणार नाही.

काकांनी टेबलावरचे हेडफोन चाचपले.

“ठाऊक आहे,” ते म्हणाले. “लेकीच्या घराजवळ एक ग्रंथालय आहे. काल तिथे हिचं नाव विचारलं. तुमच्याकडून एक पुस्तक आलंय म्हणाले. त्यात तू हेच सांगतेस. शब्दन्‌शब्द.”

“कुणी वाचलंय ते?”

“कुणी म्हणजे काय? हिनेच.”

मी बंद मशीनकडे पाहिलं.

“फक्त,” काका म्हणाले, “त्यात शेवटी तू रडतेस.”

माझे डोळे कोरडे होते.

हेडफोन टेबलावर पडले होते. वायर गुंडाळलेली होती, कशालाच जोडलेली नव्हती.

आत कुणीतरी बोट ओलं करून पान उलटलं.

काकांनी मान हलवली.