हॅकेटच्या माथ्यावरचं वीतभर झाड

मानवजातीच्या इतिहासात काही मोहिमा अशा होऊन गेल्या, की त्यांच्यापुढे पर्वतांनी माना लववल्या आणि पिढ्यांनी पोवाडे गायले! आमची मोहीम त्यांतली नव्हे. आम्ही तीन म्हातारे एका वीतभर झाडाचं पान देठाकडे कसं निमुळतं होतं, एवढंच पाहायला निघालो होतो.

झाड म्हणजे गोल्डनरॉड. ऑगस्ट सरत आला की आमच्या न्यू हॅम्पशरमध्ये हे पिवळे तुरे असे माजतात, की अंगणात लावलेली मोटार शोधावी लागते. पण लुएला प्रॉक्टरचा नवरा एनॉक जन्मभर सांगत आला, की हॅकेट पर्वताच्या माथ्यावर यातला दुर्मीळ पहाडी प्रकार आहे. आणि ओरिन डडली जन्मभर सांगत आला, की एनॉकला डोळे नाहीत. ते वाऱ्याने खुरटलेलं साधं रुंदपानी गोल्डनरॉड आहे. गेल्या हिवाळ्यात एनॉक वारला. आता आमच्या वनस्पती मंडळाचं पुस्तक छापायला जाणार होतं, संपादक ओरिन होता, आणि एनॉकच्या शोधावर त्याने काट मारली होती.

"फोटो आण, मग बघू," ओरिन म्हणाला.

"फोटोत तू उजेडाची चूक काढशील. त्यापेक्षा तुझं नाकच नेऊन टेकवते त्या झाडाला!" लुएला म्हणाली.

मंडळाने मला सोबत धाडलं. दोघांनी एकमेकांना कड्यावरून ढकलू नये, एवढीच माझी कामगिरी.

पायथ्याच्या पडीक रानात पुरुषभर उंच कॅनडा जातीचे गोल्डनरॉड डुलत होते. बीच वृक्षांच्या सावलीत शिरलो तसे नागमोडी दांड्याचे लागले, आणि वर फर वृक्षांच्या ओल्या अंधारात रुंदपानी. ज्याची त्याची जागा ठरलेली, आमच्या चर्चमधल्या बाकांसारखी.

"हे नीट बघून ठेव, आयरा," ओरिन मला म्हणाला. "पान रुंद, आणि देठापाशी खांदे पाडून एकदम आत. हेच वर जाऊन खुरटतं, आणि भोळ्या माणसांना साक्षात्कार होतो."

"पहाडीचं पान चमच्यासारखं असतं. देठात अलगद उतरतं. एनॉकला चमचा कळत होता!"

"सूपचा कळत होता."

मी मधून चालू लागलो.

झाडांची हद्द संपली आणि वाऱ्याने आमच्या थोबाडीत दिली! पाठोपाठ धुकं आलं. वाट दाखवणाऱ्या दगडांच्या राशी एकेक करून त्याने गिळल्या. पर्वताला आम्ही नको होतो, आणि तो ते लपवत नव्हता.

तिथे आमच्याकडे एकच धर्म पाळतात: पाय दगडावरच! माथ्यावरचं बोटभर झाड वाढायला उभी हयात लागते, म्हणून त्यावर पाय देणाऱ्याला आम्ही चोराच्या रांगेत बसवतो. तेव्हा धुक्यात, वाऱ्यात, तीन म्हातारे या दगडावरून त्या दगडावर बेडकांसारखे उड्या मारत होते. शेजारी मऊ, सपाट, सुरक्षित हिरवळ होती. तिच्याकडे आम्ही बघतही नव्हतो.

ओरिनने उडी मारली. दगड ओला होता. पाय सटकला. ओरिन दिसेनासा झाला!

मी पालथा पडलो, कड्यापाशी सरपटलो. तो खाली हातभर अंतरावर लोंबकळत होता. बोटं कपारीत, पाय हवेत, आणि त्याखाली नुसती पांढरी पोकळी. मी त्याच्या पाठपिशवीचा पट्टा धरला. लुएला माझ्या पायांवर बसली.

"पाय टेक! कुठेतरी टेक!" मी ओरडलो.

"एकच फट आहे. तिच्यात झाड आहे."

"मग ठेव ना त्यावर!"

तो खाली बघत राहिला. बराच वेळ. वारा पट्टा ओढत होता, माझे खांदे उखडत होते.

"लुएला," तो म्हणाला, "पान चमच्यासारखं आहे. फुलं मोठी, मोजकी, सगळी शेंड्याला. पहाडीच आहे गं. एवढा एकच झुबका."

"कळलं! आता पाय ठेव त्यावर!"

"नाही ठेवणार! एनॉकचं आहे ते!"

"अरे गाढवा, एनॉक असता तर त्यानेच तुझ्या बुडाला खांदा लावला असता! तू मेलास तर ते पुस्तकात कोण घालणार? ठेव पाय!"

ओरिनने डोळे मिटले. पाय ठेवला. पिवळं काहीतरी तुटून पोकळीत गेलं. मी ओढलं. तो वर आला!

उठलो, तर उतरायची बाजू कुठली ते कळेना. लुएला गुडघ्यांवर रांगत झाडं चाचपू लागली. बोटभर रुंदपानी सापडलं. मग जरा उंच. मग गुडघ्याएवढं.

"ही वाढतायत तिकडे आडोसा आहे. चला!"

त्यांच्या उंचीमागे आम्ही चालत राहिलो, आणि ती मांडीला लागली तेव्हा डोक्यावर फरच्या फांद्या होत्या. वाऱ्याचा आवाज वर राहिला. तिघं बुंध्याला टेकून बसलो.

"पुस्तकात घालतो," ओरिन जमिनीकडे बघत म्हणाला. "पहाडी गोल्डनरॉड, हॅकेट माथा. एनॉक प्रॉक्टरने शोधलं, ओरिन डडलीने तुडवलं."

"मुळं फटीत आहेत. चिवट असतात. फुटेल," लुएला म्हणाली. तिने एकदा नाक ओढलं, एकदा डोळे पुसले. मला वाटलं, आता ती काहीतरी थोर बोलणार.

"ओरिन," ती म्हणाली, "माझ्या बुटाची नाडी सुटलीय. मला वाकवत नाही. जरा बांधतोस?"