सातवा

'अपुष्ट' म्हणजे खोटे नव्हे. जिला अजून कुणाचा दुजोरा मिळालेला नाही, ती बातमी अपुष्ट. खोट्याला आई नसते. अपुष्टाला ती एखादे वेळी मिळते, एवढाच काय तो फरक.

शीतगृहाचे छप्पर भर दुपारी कोसळले, तेव्हा गावचा वार्ताहर पाणीकपातीची सूचना आणायला निघाला होता. वाट वाकडी करून तो तिकडे गेला. पहारेकरी धुळीने पांढरा होऊन बसला होता.

"आत सहा हमाल... की सात? देव जाणे."

वार्ताहराने कळवले : सात, अपुष्ट.

लगेच राजधानीतल्या वृत्तवाहिनीच्या बाईंचा फोन. "ते अपुष्ट-बिपुष्ट काढा हो. सात आहेत ना?"

अकरा वर्षे तो चार-चार ओळींच्या बातम्या पाठवून कायम नोकरीची वाट पाहत होता. "सात," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी बाई स्वतः येऊन दाखल झाल्या आणि गावात माणसांपेक्षा कॅमेरे अधिक झाले. तिसऱ्या दिवशी सहा हमाल जिवंत निघाले. हजेरीपटावर नावेही सहाच होती. पण अवघा देश सातव्यासाठी पडद्यासमोर बसला होता.

तेवढ्यात गर्दीतून एक म्हातारी शिंपीण पुढे आली. तिचा मुलगा नऊ वर्षांपूर्वी भांडून घर सोडून गेला होता. "सातवा माझाच असेल हो. रागावला तरी गाव नाही सोडायचा तो."

वार्ताहर पुढे सरसावला. "मावशी, जरा ऐका—"

बाईंनी त्याचे मनगट धरले. "गप्प बसा. ती लाइव्ह आहे. तुमच्या नेमणुकीचं पत्र माझ्या पर्समध्ये आहे, विसरू नका."

तो दोन पावले मागे सरला.

हवेसाठी ढिगाऱ्यात खुपसलेल्या नळीला तोंड लावून म्हातारीने हाक मारली. "बाळा, आहेस ना रे?"

आतून तीन ठोके आले. सावकाश. पाठोपाठ गार वारा, ओल्या पोत्यांचा आणि सडक्या बटाट्यांचा वास घेऊन.

चार दिवस खोदकाम चालले. ठोके येत राहिले, माणूस सापडेना. मग दुसऱ्याच एका गावी पूल पडला आणि तासाभरात सगळ्या गाड्या तिकडे वळल्या. खोदणारेही अवजारे उचलून निघून गेले.

उरली ती दोघे.

"तू सात लिहिलंस म्हणून कळलं मला," म्हातारी म्हणाली. "कसे फेडू रे तुझे उपकार?"

त्याच्या खिशात नेमणुकीचे पत्र होते. "मावशी... सातवा कुणी नव्हताच. मी... नुसता लिहिला."

"मग ठोकतंय कोण?"

उत्तर नळीने दिले. आतून, अगदी जवळून, घोगरा आवाज आला :

"साहेब... नाव लिहायचं राहिलं माझं."

म्हातारीचा चेहरा उजळला. "बोलला! किती बसलाय गं बाई घसा पोराचा!"

लोक सांगतात, तो तिच्या मेलेल्या मुलाचा आत्मा. साफ चूक. मुलगा महिन्याभराने धडधाकट परत आला. दूरच्या शहरात त्याने आईला पडद्यावर पाहिले होते. तिने दाराची कडीसुद्धा काढली नाही. "माझा मुलगा तिकडे आत आहे. तू कोण रे?" एवढे फटीतून विचारून, मागल्या दाराने डबा घेऊन ती नळीकडे गेली.

डबा ती रोज तिथे ठेवून येते. संध्याकाळी तो रिकामा असतो. स्वच्छ घासून पालथा घातलेला.