तोर्नाबुओनीवरचं हातमोज्यांचं दुकान

दुपारच्या वेळी सांगलीच्या दूरभेट केंद्रात फारसं कुणी नसे. रेणुका शिखरेने अंगात स्पर्शवेष चढवला. केंद्र चालवणाऱ्या इनामदारबाईंनी मागची चेन ओढून दिली.

"सुरुवातीला जरा गरगरेल," त्या म्हणाल्या. "डोळे मिटून घ्या. पायाखाली दगड लागला की उघडा."

पायाखाली दगड लागला. रेणुकाने डोळे उघडले तेव्हा फ्लॉरेन्समध्ये सकाळचं ऊन पडलं होतं.

तिथे प्रत्यक्षात उभा होता एक प्रतिदेह. माणसाच्या उंचीचं, राखी कापडाने मढवलेलं, भाड्याने मिळणारं यंत्रशरीर. त्याच्या अंगाला जे लागे, ते स्पर्शवेषातल्या बारीक बारीक बिंदूंतून रेणुकाच्या कातडीला कळे. तिने सांगलीत मान वळवली की त्याची मान इटलीत वळे. मध्ये क्षणभराची फट राही, ती मेंदू आपणहून बुजवून टाकी. विमानांच्या धुरावर जगाने मर्यादा घातली आणि प्रत्येकाला दहा वर्षांतून एकाच लांबच्या प्रवासाचा हक्क उरला, तेव्हापासून असे राखी देह सगळ्या शहरांतून हिंडताना दिसत. कुणी वळूनही पाहत नसे.

रेणुकाचा या दहा वर्षांतला हक्क नवऱ्याच्या उपचारांसाठी परदेशी जाण्यात संपला होता. तिची मुलगी शाल्मली आपला हक्क वापरून चामड्याचं काम शिकायला फ्लॉरेन्सला आली आणि इथेच एका हातमोज्यांच्या दुकानात लागली. रोज फोन होई. पण फोनमधल्या मुलीच्या कपाळावर हात ठेवता येत नाही.

प्रतिदेहातून येण्याला शाल्मलीनेच मनाई केली होती. "यंत्रातून येऊ नकोस, आई," ती म्हणाली होती. "एकदा तू आल्यासारखी वाटलीस ना, तर मी खऱ्या भेटीची वाट पाहणं सोडून देईन. मला ते सोडायचं नाहीये."

रेणुकाने ते बरीच वर्षं पाळलं. आज मात्र तिने स्वतःला समजावलं होतं, की दुकानात जायचंच नाही. लेक रोज ज्या रस्त्याने जाते, तो फक्त पाहून यायचं.

तोर्नाबुओनी रस्ता तिला वाटला होता त्यापेक्षा अरुंद निघाला. दोन्ही बाजूंना जुन्या सरदारांचे दगडी प्रासाद आणि त्यांच्या तळमजल्यांवर झगमगती दुकानं. देव्हाऱ्यात मूर्ती ठेवावी तसा एकेक बूट काचेआड मांडलेला. स्ट्रोत्सी प्रासादाच्या भिंतीलगत लांबलचक दगडी ओटा होता, त्यावर दोन म्हातारे ऊन खात गप्पा मारत होते. रेणुका त्यांच्या शेजारी टेकली. दगड गार होता. शाल्मली जिथे बसून फोनवर बोलायची तो ओटा हाच, हे लक्षात आलं आणि तिला तिथे बसवेना.

ती उठून लगतच्या गल्लीत वळली, तर दुकान लगेच दिसलं. काचेपलीकडे शाल्मली उभी होती. फोनवर ती नेहमी खांद्यापर्यंतच दिसे. उभं राहताना एक पाऊल दुसऱ्यावर ठेवायची तिच्या वडिलांची लकब तिच्यात उतरलीय, हे रेणुकाला ठाऊकच नव्हतं. ती पाहताना रेणुकाने दार केव्हा ढकललं, तिचं तिलाच कळलं नाही.

"या ना, काय दाखवू?" शाल्मलीने इटालियनमध्ये विचारलं. भाषांतर कानात उमटलं.

आवाज ओळखू येईल म्हणून रेणुकाने तोंड उघडलं नाही. तिने डाळिंबी रंगाच्या जोडीकडे बोट दाखवलं.

गल्ल्यावर एक छोटी मखमली उशी होती. शाल्मलीने प्रतिदेहाचं कोपर तिच्यावर टेकवलं, लाकडी चिमट्याने हातमोज्याची बोटं सैल केली आणि तो हळूहळू हातावर चढवला. मग स्वतःची बोटं त्या बोटांमध्ये घालून एकेक बोट दाबून बसवलं. सांगलीतल्या खोलीत रेणुकाच्या बोटांमध्ये लेकीची बोटं शिरली. ती ऊबदार होती. तर्जनीच्या टोकाला शिवणकामाने पडलेला घट्टा होता.

"ताई, थांबवू का?" इनामदारबाईंनी तिच्या गालांवरचं पाणी पाहून विचारलं.

"नको," तिकडे ऐकू जाणार नाही इतक्या हळू रेणुका म्हणाली.

हातमोजा काढल्यावर तिने तो नकळत उलटा केला आणि आतल्या टाक्यांवरून अंगठा फिरवला. आयुष्यभर मुलींना शिवण शिकवलेली बाई. कुठलाही कपडा ती आधी उलट्या बाजूनेच पाही. शाल्मली तो अंगठा बघत राहिली.

"आई?"

"रागावू नकोस गं. मी नुसता रस्ता बघायला आले होते."

"खोटं," शाल्मली म्हणाली. गल्ल्याला वळसा घालून ती आली आणि त्या राखी खांद्यावर तिने डोकं टेकलं. केसांचा वास तेवढा रेणुकाला आला नाही. वास पोचवणारं यंत्र अजून निघालं नव्हतं.

त्यानंतर रेणुका दर गुरुवारी जाऊ लागली. शाल्मलीची जेवणाची सुट्टी झाली की दोघी भटकायच्या. पोंते वेक्कियो पुलावरच्या सोनारांच्या दुकानांपाशी थांबायच्या, महागडे कोट अंगाला लावून पाहायच्या, लग्नाच्या खरेदीला निघाल्यासारख्या भाव करायच्या आणि काहीही न घेता हसत बाहेर पडायच्या. रेणुका घरी आली की तिला रात्री गाढ झोप लागे.

पुढच्या उन्हाळ्यात शाल्मलीला नवा प्रवासहक्क मिळाला. त्या एका प्रवासाबद्दल मायलेकी वर्षानुवर्षं बोलत आल्या होत्या. कोणत्या सणाला यायचं, पहिल्या दिवशी जेवायला काय करायचं, सगळं ठरलेलं होतं.

सांता त्रिनिता पुलावर दोघी आर्नो नदी पाहत उभ्या होत्या. "आई, आमच्या दुकानातली लुचीया," शाल्मलीने विषय काढला. "तिचे वडील अर्जेंटिनात आहेत. फार दिवस काढतील असं वाटत नाही. तिच्याकडे हक्क उरला नाहीये. मी माझा तिला दिला तर चालेल? आपण काय, दर आठवड्याला भेटतोच."

"देऊन टाक. विचारतेस काय?" रेणुका लगेच म्हणाली.

म्हणाली, आणि दचकली. द्यायलाच हवा होता, त्यात दुमत नव्हतं. लुचीयाला बाप शेवटचा भेटायला हवा. पण स्वतःची लेक घरी येणार नाही हे ऐकून छातीत काहीतरी तुटायला हवं होतं. सणाच्या दिवशी एकटीचंच ताट वाढून घेताना इतकी वर्षं तुटत आलं होतं तसं. तिने आत चाचपून पाहिलं. तिथे काहीच दुखत नव्हतं.

शाल्मलीने तिचा हात घट्ट धरला होता. पुलाखालून पाणी वाहत होतं.

"शालू, मी इतक्या पटकन हो म्हणाले," रेणुकाने विचारलं, "तुला वाईट नाही वाटलं?"



"मी मघापासून तेच शोधतेय," शाल्मली म्हणाली. "आई, तुला सापडलं का?"