मागचे झाले का?

पहिली फेरी : हलक्या हातानं

इंजिन बंद पडून तीन दिवस झाले होते. खाली चार वस्त्यांचे नळ कोरडे होते, आणि पंपघरातली शांतता कुणालाच सवयीची नव्हती.

तपासनीस बाई डिझेल इंजिनाच्या हेडवर, म्हणजे वरच्या जड झाकणावर वाकल्या. दहा बोल्ट. पाच समोर, पाच मागे, भिंतीकडे. हेडखालचं गॅस्केट मागच्या बाजूनंच फुटलं होतं. प्रत्येक बोल्टवर आवळून झाल्यावर देतात ती पिवळी रेघ, बोल्टवरून हेडवर उतरलेली, सलग. म्हणजे रंग दिल्यावर कुणीही बोल्ट ढिले केले नव्हते.

मग त्या इंजिन आणि भिंतीमधल्या फटीत शिरल्या. आडव्या होऊन, श्वास रोखून. तिथून पाहिलं तर मागच्या बोल्टांवर पिवळा ठिपकाही नव्हता. रेघा होत्या त्या फक्त समोरून दिसणाऱ्या अंगाला.

टॉर्क रेंच पूर्ण मापाला लावला. माप भरलं की तो टक् वाजतो. समोरचे पाच बोल्ट जागचे हलले नाहीत, रेंच लगेच टक् वाजला. मागचा प्रत्येक आधी जवळजवळ पाव फेरा फिरला, मग टक्.

दुसरी फेरी : जरा जोर

बोल्ट ढिले ठेवल्याचा आरोप पंपघराच्या मिस्त्रींनी केला होता मेहुण्यावर. त्यांच्या बायकोचा धाकटा भाऊ, इथंच फिटर. चूक माझीच, असं त्यानं लिहून दिलं होतं. दोन ओळी, शुद्धलेखनाच्या तीन चुका. नोकरी जाणार हे त्यानं धरूनच ठेवलं होतं.

बाईंनी त्याला एकट्याला बसवलं. कोणी काय आवळलं, विचारलं. त्यानं सांगितलं की आवळायच्या तीन फेऱ्यांपैकी हलकी आणि मधली, अशा दोन फेऱ्या त्यानं केल्या. तिसरी, पूर्ण मापाची, नेहमी भाऊजी करतात.

"मग?"

"भाऊजींनी दारातून विचारलं, मागचे झाले का. मी म्हटलं, झाले."

"मागचे म्हणजे?"

"मागचे. म्हणजे आधीचे. माझ्या दोन फेऱ्या."

"हे का नाही लिहिलंत?"

तो बुटांकडे बघत राहिला. "भाऊजी सगळ्यांसमोर म्हणाले, मी खोटं बोललो. मी त्यांना खोटं पाडू? ताईचा संसार आहे तो."

तिसरी फेरी : पूर्ण माप

बाई हे काम मिस्त्रींच्याच हाताखाली शिकल्या होत्या. आता त्यांना मिस्त्रींच्या तोंडाकडे बघवत नव्हतं. त्यांनी सांगितलं की तुम्ही मागची ओळ विचारलीत, मेहुण्यानं मागच्या फेऱ्या ऐकल्या.

मिस्त्रींचा चेहरा उजळला. शब्दानं घोटाळा केला म्हणजे, ते म्हणाले, दोष कुणाचाच नाही, तसंच लिहून टाका बाई.

बाईंनी पेन उचललं नाही.

"मिस्त्री, क्रम तुम्हीच शिकवलात मला. मधला समोरचा, मधला मागचा, मग शेजारचे. समोर-मागे करत मधून बाहेर. एक ओळ संपवून दुसरी धरायची नाही, हेड वाकडं बसतं. बरोबर?"

"बरोबर."

"मग मागची ओळ झाली का, हा प्रश्न येतोच कुठून? क्रमानं आवळणारा माणूस तो विचारूच शकत नाही. मागं शिरायचं नाही हे तुम्ही दारातच ठरवलं होतं. एक होकार हवा होता, तो मिळाला. समोरचे पाच आवळलेत. मागच्यांना इकडूनच हात लांबवून रंग दिलात, आवळल्याची खूण म्हणून. पलीकडून एकही रेघ दिसत नाही."

मिस्त्रींचा हात पोटावर गेला.

"मागच्या खेपेला अडकलो होतो त्या फटीत," ते म्हणाले. "दोघांनी ओढून काढलं. सगळे हसले. मीही हसलो."

बाईंनी अहवालाचा कागद पुढे ओढला.

"लिहा," मिस्त्री म्हणाले. "माझं नाव लिहा."

मेहुणा दारात उभा होता. कधीपासून, कोण जाणे.

"ताई तीन दिवस माझ्याशी बोलत नाही, भाऊजी. मी तुमचं नाव घालवलं, असं सगळ्यांना सांगते."

मिस्त्रींना ते ठाऊक होतं. जेवताना ती भावाला बोल लावी तेव्हा ते समोरच बसत, आणि घास चावत राहत.

घरी गेल्यावर सांगतो, असं ते पुटपुटले. मेहुणा दारातून हलला नाही. मग त्यांनी तिथंच फोन लावला. बायकोनं उचलताच बजावलं, माझ्या भावाची बाजू घ्यायला फोन केला असेल तर ठेवून द्या.

"त्याचं नाही," मिस्त्री म्हणाले. "माझं सांगायचंय."